उजवा मागचा स्पीकर

— तो नाही हो, तो डावा. उजवा मागचा हा, कोपरा चेपलाय तो. वाजतो, वाजतो, मी वायर जोडून बघितलंय, जाळी जरा आत गेलीय एवढंच. नवीन नको, हाच लावा. भावेशभाई, दुकानात फोनवर सांगितलं तेच परत सांगतो — पाचही स्पीकर होते तिथेच लागले पाहिजेत, वूफर त्या कोपऱ्यात, आणि या वेळी स्क्रू असे मारा की उद्या घर बसलं तरी स्पीकर हवेत लटकलेला दिसला पाहिजे. हसा, हसा! डहाणू रोडवरून कैनाडपर्यंत फटफटीवर आलात, कंबर तर गेलीच असेल, निदान हसून तरी जा. मसोलीचे ना तुम्ही? तिकडे भूकंपाचे धक्के जाणवतात का? फक्त भांडी वाजतात? मग मजा आहे तुमची. इकडे चार महिने जमिनीला थंडी वाजून आलीय. धुंदलवाडीकडे केंद्र आहे म्हणतात. माणसं अंगणात झोपतात, शाळा झाडाखाली भरते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो, तीन पूर्णांक अमुक — जसं काही आम्हाला मार्क मिळालेत. आणि तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय, अशा दिवसांत या माणसाला होम थिएटर कसं सुचलं? अहो, मी घेतलं दिवाळीच्या आधी! जमीन हलायला लागली दिवाळी झाल्यावर. आता अमृतने वूफर आणला म्हणून जमीन हलली असं माझ्या बायकोचं, सोनलचं म्हणणं असेल तर त्याला मी काय करू? म्हणजे अगदी तसं ती म्हणत नाही. पण म्हणते जवळजवळ.

घेतलं कशाला म्हणाल तर दीपेशमुळे. माझा मेहुणा, सोनलचा भाऊ, बोर्डीला चिकूची वाडी आहे त्यांची, समुद्राचा वारा खाऊन खाऊन डोक्यात गेलाय. त्याने साउंडबार घेतला. आता साउंडबार म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार — टीव्हीखाली ठेवलेली फूटपट्टी! आणि ती फूटपट्टी दाखवायला आम्हाला सहकुटुंब जेवायला बोलावलं. 'भावोजी, डोळे मिटा आणि सांगा, आवाज मागून येतोय की नाही?' मी मिटले. मागून आवाज आला, खरंच आला — त्याचा कुत्रा भुंकत होता. पण सोनल काय म्हणाली? 'बाई, किती छान वाटतंय नाही!' झालं. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या शेठच्या दुकानात. शेठ चांगला माणूस, म्हणाला, अमृतभाई, तुमची खोली केवढी, ढोबळी मिरचीच्या दोन क्रेट ठेवल्या की भरली, एवढ्या मोठ्या वूफरने खिडक्या वाजतील. मी म्हटलं, वाजू दे, खिडक्या माझ्या आहेत.

मग तीन आठवडे मोबाईलवर व्हिडिओ बघितले. काय काय लोक आहेत जगात! एक गोरा सांगतो, वूफर आधी सोफ्यावर ठेवायचा, आपण बसतो तिथे, आणि आपण स्वतः खोलीभर रांगायचं, जिथे बेस चांगला ऐकू येईल तिथे मग वूफर ठेवायचा. तुम्ही नाही असं करत? अहो करायला पाहिजे, शास्त्र आहे ते! मी रांगलो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, लुंगी वर खोचून, कान जमिनीला लावून, कपाटाखाली, टेबलाखाली. सोनल चहा घेऊन आली, दारातच थांबली, म्हणाली, 'काय सांडलं?' आणि मयुरा, माझी मुलगी, नववीत आहे — ती हसून हसून खाली बसली आणि मग माझ्या मागे तीसुद्धा रांगायला लागली. 'पप्पा, इथे! पप्पा, इथे बघा, छातीत वाजतंय!' तो कोपरा तिने शोधलाय. म्हणून म्हटलं वूफर तिथेच. हां, वीतभर इकडे नको, तिकडे नको. तुम्हाला वाटत असेल काय फरक पडतो. पडतो.

आणि बसायची जागा, ही, सोफ्याचं हे उजवं टोक. टेप लावून मोजली मी. पाची स्पीकरचा आवाज इथे येऊन मिळतो, एकाच माणसाला पुरेल एवढीच जागा. तिथे कोण बसणार यावरून आमच्याकडे रोज मारामारी. मी म्हणायचो, वाड्या दीपेशकडे, ही खुर्ची आपल्याकडे. बसा ना, बसून बघा. — नको? बरं, काम संपल्यावर.

तर दिवाळीनंतर भिंतीवर लावला त्या दिवशी काय झालं, ऐका. तुमच्या आधी तो दुसरा पोरगा होता, त्याने टेस्टिंगला काहीतरी लावलं, हेलिकॉप्टर का काय, आणि वूफर असा घुमला, असा घुमला — त्याच्या आदल्या आठवड्यात पहिले धक्के होऊन गेले होते, लोक आधीच घाबरलेले — समोरच्या घरातून बायजी बाहेर! सत्तरीची म्हातारी, एका हातात भाकरीचं पीठ, दुसऱ्या हातात कोंबडी. नातू घरात, कोंबडी बाहेर! तिच्या मागे तिचा मुलगा जिव्या, त्याची बायको, सगळा पाडा अंगणात. आणि मी दारात उभा राहून, 'काय झालं, काय झालं?' पोट दुखेपर्यंत हसलो. मग काय, चटकच लागली. पाहुणा आला की मी म्हणायचो, बघायचंय का कैनाडचा भूकंप? आणि आवाज सोडायचो. दोन मिनिटांत पाडा बाहेर. सोनल चिडायची, म्हणायची शोभतं का? मयुरा म्हणायची, पप्पा नका ना, बायजीला धाप लागते. मी म्हटलं तेवढाच तिला व्यायाम. महिनाभराने कोणी निघेना. वूफर घुमला की जिव्या अंगणातून ओरडायचा, 'अमृतचा डबा!' — आणि चहा पीत बसायचा. म्हणजे भीती घालवली की नाही मी लोकांची? कोणी आभार मानले? नाही.

ड्रिल जरा सावकाश. वरचं प्लास्टर सैल आहे तिथे.

हां — तर तो रविवार. मागच्या महिन्यात. दुपारचं जेवण झालेलं, पिक्चर लावलेला, लढाईचा, मोठमोठे बॉम्ब. सोनल मागे भांडी आवरत होती. आणि धक्का बसला, हा उजवा मागचा खाली आला, संपलं. एवढंच. खाली कोणीतरी बसलेलं असणारच ना, घर आहे, गोडाऊन नाही. मयुरा होती. इथे, या टोकाला. कपाळाला लागलं, भुवईच्या वर, चार टाके. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले अर्ध्या बोटाने वाचला. आता यात माझा काय दोष सांगा? स्क्रू तुमच्या त्या पोराने मारलेला. जमीन देवाने हलवलेली. मी मध्ये कुठे येतो?

नाही, तिचा दिवस होता त्या जागेचा. म्हणजे माझा होता, मी तिला दिला. लाडाने दिला. परीक्षेत चांगले मार्क मिळाले म्हणून. तुम्ही असं का बघताय? — हो, कळलं होतं की तिला. तिला आधी कळलं, पोरांचे कान तिखट असतात, शाळेत सराव करून घेतलेला ना, हललं की बाहेर पळायचं. ती उठलीसुद्धा. 'पप्पा, हे खरं आहे', असं म्हणाली. आता तुम्ही सांगा, पडद्यावर बॉम्ब फुटतोय, वूफर घुमतोय, सोफा हलतोय — तो तर रोजच हलायचा, त्यासाठीच घेतलेला! — खरं कुठलं आणि वूफरचं कुठलं हे कोणी ओळखायचं? इंजिनियरने ओळखलं नसतं! जिव्या ओळखू शकला? तो पण बसून राहिला, त्याला विचारा, सगळा पाडा बसून होता, अमृतचा डबा म्हणून. मी एकटा नव्हतो. मी — मी काय केलं, तिचा हात धरला. मनगट. म्हटलं, 'बस गं, आपला बेस आहे तो, यालाच तर बेस म्हणतात.' आणि बसवली. परत तिथेच. हसत होतो मी, भावेशभाई. दार बघा, किती लांब आहे? चार पावलं. ती पोचली असती.

पाणी द्या जरा, तो तांब्या तुमच्या मागे आहे.

दवाखान्यात ती रडली नाही. टाके घालताना पण नाही. फक्त एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, 'पप्पा, मी उठले होते ना.' एवढंच. सोनलने ऐकलं. सोनलला तोपर्यंत माहीत नव्हतं, ती मागे भांडी घासत होती. त्यानंतर काय, दवाखान्याच्या दारातूनच दीपेशची गाडी, तडक बोर्डी. तेव्हापासून दोघी तिकडे. पोरीची शाळा तिकडेच बघतायत म्हणे, तिकडे शाळा चांगल्या. सोनलचा निरोप आला दीपेशच्या तोंडून — तो फूटपट्टीवाला आता आमच्या संसारात बोलतो! — की डबा राहील नाहीतर आम्ही. बघा म्हणजे! स्पीकरची सवत! मी म्हटलं, नाही काढणार. का काढू? चूक स्क्रूची आणि शिक्षा वूफरला? हे सगळं होतं तसं परत लागलं, भक्कम लागलं, की मी फोटो पाठवणार आहे. पुढच्या रविवारी त्यांना आणायला जाणार. येऊन बघतील, म्हणतील, हां, घर आहे तसं आहे. मग परत सुरू करू. जागा तिचीच, मी तर म्हणतो कायमची तिचीच, मी खाली चटईवर बसेन. मला दोघी परत पाहिजेत, भावेशभाई, बाकी मला त्या बेसचं लोणचं घालायचंय का? पण काढला तर — काढला तर मीच केलं असं होईल ना.

झालं? पाची लागले? वा. हात चांगला आहे तुमचा, लटकून बघितलं तरी हलत नाही. बघा, काहीच झालं नव्हतं असं वाटतं की नाही? फोटो काढतो थांबा. इकडून. तुम्ही बाजूला व्हा, तुमची सावली येते. हां. मेन स्विच तिकडे, लावा, लावा काहीतरी, तुमचं जे टेस्टिंगचं असेल ते. आवाज? पूर्ण. पूर्ण सोडा, मी कुठे घाबरतो. हां, पुढचा डावा आला. मधला. उजवा. मागचे — छान. आता वूफर सोडा. सोडा म्हणतो ना —

ऊठ! मयु, ऊठ! ऊठ, पळ! पळ बाहेर, ऊठ गं —

...

काय झालं? काही नाही झालं. तुम्ही बाहेर कशाला आलात, आत जा. मी असाच आलो, आवाज अंगणात किती येतो ते बघायला. बायजी, जा गं आत, काही नाही झालं, डबा होता. — मी? मी कोणाला ऊठ म्हणालो? घरात कोण आहे ऊठ म्हणायला? ती बोर्डीला आहे, तुम्हाला मीच सांगितलं ना आत्ता, मला माहीत नाही का ती बोर्डीला आहे.

बंद करा. अहो, आधी तो बंद करा! वूफरच्या पाठीमागे खटका आहे.

तुमचा फोन देता का जरा? माझा नंबर बघून त्या उचलत नाहीत. तुमचा नवीन आहे, उचलतील. एकच वाक्य बोलायचंय. पोरीशी. — हां, लावा, अठ्ठ्याण्णव... नको. राहू दे. ठेवा तो फोन. कशाला तुमच्या फोनवरून, मी जाऊन तोंडाने सांगेन. शिडी आहे ना अजून बाहेर? मग काढा. पाची काढा, वूफर पण काढा, तो कोपरा रिकामा करा. विकायचं नाही हो, विकायला कोण बोललं, न्या तुम्ही, कोणालाही द्या, खाडीत टाका. भोकं बुजवू नका. तशीच राहू द्या. आणि आता काही विचारू नका, भावेशभाई, बोर्डीची पाचची एसटी आहे मला.