बिघडली तरी चालेल अशी जागा

बाबा: तलाव नको. तलाव सोडून कुठलंही नाव घे.

आई: हळू बोल, बाथरूममध्ये ऐकू जातं. आणि तलावानं तुझं काय घोडं मारलंय? शहरातून दोन तासांत पोचतो, रस्ता चांगला, सावली आहे, बसायला बाकं आहेत.

बाबा: नळ चालू आहे, तिला काही ऐकू जात नाही. केस धुतेय, अजून बराच वेळ आहे. तलावात आपली मुंगी पोहायला शिकली, माझ्या मानेला लटकून. नाकातोंडात पाणी गेलं, भोकाड पसरलं आणि नंतर बाहेर यायलाच तयार नव्हती. त्याच काठावर बसवून तिला सांगायचं, की बाई गं, तुझे आईबाबा उद्यापरवापासून वेगळे राहणार? परत उतरेल ती त्या पाण्यात?

आई: बरं. मग पवनचक्क्यांची टेकडी.

बाबा: टेकडी चालेल.

आई: थांब. टेकडी नको.

बाबा: का? आत्ता तूच म्हणालीस.

आई: तोंडातून निघून गेलं. टेकडीवर तू मला लग्नाचं विचारलं होतंस. माझी चप्पल तुटली होती आणि तू ती हातात धरून विचारलंस. मुंगीला ती गोष्ट तोंडपाठ आहे. दर वेळी तुला तिथेच उभं करते, हातात बूट देते आणि परत विचारायला लावते.

बाबा: आणि तू दर वेळी म्हणतेस, आधी चप्पल शिवून आण.

आई: ते मी गमतीत म्हणते.

बाबा: माहितेय. पण बघ, माझा तलाव बिघडला तर तुला चालत होता. तुझी टेकडी आली की लगेच अडलं.

आई: तुझा तलाव, माझी टेकडी. वाटण्या सुरू झाल्या वाटतं.

बाबा: मी तसं म्हटलं नाही.

आई: तू बस ना एका जागी. खिडकी, दार, खिडकी, दार. मला गरगरतंय.

बाबा: बसलो की डोकं बंद पडतं. सोमवारी टेम्पो येतोय. ती शाळेतून येईल, कपाटाचा अर्धा भाग रिकामा दिसेल. मग काय सांगणार, बाबांचे शर्ट धुवायला गेलेत? उद्याचा रविवार हातात आहे, बस.

आई: मला कशाला सांगतोस? दोन महिने हेच चाललंय आपलं. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी.

बाबा: मुळात सहलीला नेऊन सांगायची कल्पना तुझ्या ताईची. मोकळ्या हवेत सांगा म्हणे, मुलं निसर्गात शांत असतात. तिच्या गॅलरीत प्लॅस्टिकचं झाड आहे.

आई: ताईला मध्ये आणू नकोस. तुला काय सुचलं होतं? लिफ्टमध्ये सांगू.

बाबा: अगं, गंमत केली. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आई: हसले होते मी तेव्हा. खूप दिवसांनी.

बाबा: हो. मला वाटलं होतं, आता बहुतेक आपलं जमेल परत.

आई: मलाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तू एका खोलीत चहा पितोयस, मी दुसऱ्या खोलीत.

बाबा: धबधबा?

आई: रविवारी? माणसांचा महापूर असतो तिथे. रडायचं म्हटलं तरी चार जणांच्या फोटोत येईल पोरगी. आणि तो आवाज! ओरडून सांगावं लागेल.

बाबा: सिमेंटच्या प्राण्यांची ती बाग आहे बघ. जिराफाची मान तुटलीय, हत्तीच्या पोटात कचरा. आपल्या तिघांनाही ती आवडत नाही. बिघडली तरी चालेल अशी जागा तीच एक आहे.

आई: गेल्या वेळी तू काय म्हणाला होतास? परत इथे आणलंस तर चालत्या गाडीतून उडी मारीन. आणि आता तूच हौसेनं तिथे घेऊन गेलास, की फाटकापाशीच तिला कळेल काहीतरी काळंबेरं आहे.

बाबा: मग ही बघ. कालपासून शोधून ठेवलीय, आपण कधीच गेलेलो नाही. छोटी दरी, खाली ओढा, वर जुना दगडी पूल. पलीकडच्या उतारावर ही सगळी निळी फुलं. आपली एकसुद्धा आठवण तिथे नाही, म्हणजे बिघडायला काही शिल्लकच नाही.

आई: इकडे दे. मोठा कर जरा फोटो. काय सुंदर आहे रे!

बाबा: आहे ना?

आई: तेच तर. गाडीतून उतरली की ती सुसाट पळत सुटणार. बूट एकीकडे, मोजे एकीकडे, ओढ्यात उभी राहून हाका मारणार, आई ये, बाबा ये. आणि आपण काठावर बसून काय करणार? तिचा आनंद कधी ओसरतो याची वाट बघणार? मला नाही जमायचं. तासाभरात ती जागा तिची आवडीची होईल आणि मग आपण तीही घालवू.

बाबा: येताना सांगू मग. गाडीत. गाडी काही कुठल्या जागेची नाही.

आई: ती मागे बसते. तिचा चेहरा कसा दिसणार?

बाबा: आरशात दिसतो.

आई: आरशात बघून सांगणार तू? आणि रस्ता कोण बघणार, ताई? शिवाय सांगून झाल्यावर दोन तास ती पट्ट्यात अडकून बसणार, आपल्या दोघांच्या डोक्यांकडे मागून बघत. उठून जाता यायचं नाही तिला, काही नाही.

बाबा: मग सांगायचं तरी कुठे? प्रत्येक ठिकाणी तू काहीतरी काढतेस.

आई: आणि तू काढत नाहीस? सुरुवात कोणी केली?

(नळ बंद होतो.)

बाबा: झालं तिचं. फोन दे इकडे. हस जरा.

आई: तू हस आधी. रडवेला दिसतोयस.

मुंगी: आई, कंगवा कुठाय? आणि कुठे जायचं ठरलं? मला आत तुमचं नुसतं गुणगुण गुणगुण ऐकू येत होतं.

बाबा: ठरतंय. तुझ्या आईला एकही जागा पसंत पडत नाही.

आई: मला? बरं, मला. केस पुस नीट, फरशीवर बघ किती गळतंय.

मुंगी: मी काय म्हणते, वरच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीला नेऊ या का उद्या?

आई: हो.

बाबा: हो, नेऊ की.

मुंगी: दोघंही? एकदम?

आई: का गं?

मुंगी: एरवी एक जण हो म्हणतो, मग दुसरा कारण काढतो. मी तीन उत्तरं तयार करून आले होते. आता ती फुकट गेली.

बाबा: पुढच्या वेळी वापर.

मुंगी: मी केस विंचरते आणि जाऊन विचारून येते तिला.

आई: जा.

बाबा: गेली?

आई: आरशासमोर आहे. तू हो का म्हणालास?

बाबा: आधी तू म्हणालीस.

आई: मैत्रीण बरोबर असली की सांगता येणार नाही. एवढं कळतं ना तुला?

बाबा: कळतं. म्हणून तर म्हणालो. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

आई: मलाही. एक क्षण किती बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. मग आता सोमवारी कोण सांगणार तिला, टेम्पोवाला?

बाबा: पुढच्या रविवारी...

आई: परत?

बाबा: नाही. बरोबर आहे तुझं.

आई: आत्ता सांगू. इथेच.

बाबा: इथे? या खोलीत? अगं, तलाव नासू नये म्हणून आपण एवढी डोकेफोड केली. तलावावर ती वर्षातून एकदा जाते. इथे तिला रोज जेवायचंय, अभ्यास करायचाय, झोपायचंय.

आई: म्हणूनच. इथे तिला तिची खोली आहे. आपटायला दार आहे, डोकं खुपसायला उशी आहे. डोंगरावर रुसून कुठे जाणार ती? तिथे सांगून आपण काय करणार होतो माहितेय? तिथेच ठेवून आल्यासारखं करणार होतो. घरी परतलो की कुणी त्याबद्दल बोलायचं नाही.

बाबा: मला भीती वाटतेय. मला वाटतं, यानंतर ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघेल. मी तिला सोडून गेलो असंच ती धरून चालेल.

आई: आणि मी तुला जाऊ दिलं, असं माझ्याबद्दल. मीही घाबरलेय रे.

बाबा: मी बोलतो. मधेच अडलो तर तू घे पुढे.

आई: सरळ सांग. आमच्या दवाखान्यात डॉक्टर दात काढताना पोरांना म्हणतात, जरासं टोचेल हं. ते 'जरासं' ऐकलं की पोरं तोंड घट्ट मिटून घेतात. मग मला ती धरून ठेवावी लागतात.

बाबा: मुंगे! इकडे ये गं जरा.

मुंगी: वर चाललेय मी.

बाबा: नंतर जा. आधी इथे बस. तिथे नको, आमच्या दोघांच्या मध्ये.

मुंगी: काय झालं? मी काय केलं?

आई: तू काही केलेलं नाहीस.

बाबा: सोमवारपासून मी दुसरीकडे राहणार आहे. कामाच्या जवळ खोली घेतलीय. तू आणि आई इथेच.

मुंगी: कामासाठी?

बाबा: नाही. मी आणि आईनं वेगळं राहायचं ठरवलंय.

मुंगी: किती दिवस?

बाबा: ते...

आई: कायमचं, बाळा. बाबा तुला भेटत राहणार, तू त्याच्याकडे राहायला जाणार, शाळेतून आणायला तोच येणार. पण या घरात तो राहणार नाही.

मुंगी: तुम्ही भांडलात? मला कसं ऐकू आलं नाही?

आई: भांडत नाही आम्ही. भांडायचो तेव्हा बरं होतं, निदान बोलणं तरी व्हायचं. आता एका घरात असून दोघंही एकटेच असतो. तुझ्यामुळे नाही हे. तुझ्यामुळे एवढे दिवस तरी निघाले.

मुंगी: उद्याची सहल यासाठी होती?

बाबा: हो. तिथे सांगणार होतो तुला.

मुंगी: तिथे सांगितलं असतं तर मी परतच आले नसते. गाडीत बसलेच नसते.

बाबा: रागावलीस?

मुंगी: मला माहीत नाही.

आई: रडावंसं वाटलं तर रड. आम्ही इथेच आहोत.

मुंगी: मला नाही रडायचं. केसांत गुंता झालाय.

आई: आण तो कंगवा, मी सोडवते.

मुंगी: तू नको. बाबा सोडवेल.

बाबा: मला कुठे येतं गं? ओढले जातील केस.

मुंगी: ओढले तर ओढले.

बाबा: मान सरळ धर. दुखलं की सांग.

मुंगी: मी वर विचारायला नाही जाणार. आपण तिघंच जाऊ.

आई: म्हणजे तुला जायचंय उद्या?

मुंगी: हो.

बाबा: कुठे जायचं? तू सांगशील तिथे.

मुंगी: कुठेही. किती वाजता निघायचं?

बाबा: आठला निघू. खाऊनपिऊन, आरामात.

मुंगी: पाचला निघू. म्हणजे तीन तास जास्त मिळतील.

आई: अगं, पाचला मिट्ट काळोख असतो. बाहेरचं काहीसुद्धा दिसायचं नाही.

मुंगी: चालेल. पाचला निघू.