उजवा पाय, दुसरा अंक

मावशी: पाय वर घ्या, राजे. मोजा मी घालते, पण पाय तरी तुम्हीच उचलायला हवा ना.

नट: उचललाय की.

मावशी: हा उचललेला? जमिनीपासून दोन बोटं? मोजा काय फरशीखालून हात घालून चढवू?

नट: वीस वर्षं तुम्ही या कंपनीचा कपडेपट सांभाळताय, मावशी. प्रयोगाआधी नटाशी गोड बोलावं, एवढं तरी शिकला असाल.

मावशी: गोड बोलून पाय वर येणार असेल तर बोलते. हं, आला एकदाचा. गेल्या वर्षापर्यंत स्वतःचे मोजे स्वतः घालत होतात. आता मोजे माझ्याकडे, बुटाच्या नाड्या माझ्याकडे. उद्या घास भरवायला बोलवाल.

नट: गुडघा धरलाय जरा. बाकी काही नाही.

भाची: येऊ का, मामा?

नट: ये, ये. मावशी, ही माझ्या बहिणीची मुलगी. हाडांची डॉक्टर. लहानपणी माझ्या नाटकांना पहिल्या रांगेत बसायची आणि तिथेच झोपायची.

भाची: गेल्या रविवारी मात्र टक्क जागी होते. मामा, या नाटकातला तुझा म्हातारा कुठला पाय ओढतो?

नट: डावा. दीपगृहाचा रखवालदार आहे तो, जिन्यावरून पडलेला.

भाची: बरोबर. पहिल्या अंकात डावाच ओढत होतास. पण दुसऱ्या अंकात तो पंचवीस वर्षांचा असतो ना? धडधाकट. तेव्हा उजवा का ओढत होतास?

नट: पेपर वाचत नाहीस वाटतं. समीक्षकाने काय लिहिलंय? "तारुण्याच्या चालीतही त्यांनी येणाऱ्या वार्धक्याची चाहूल दाखवली."

मावशी: चाहूल कसली डोंबलाची. कळ होती. विंगेत आले ते माझा खांदा धरून उभे राहिले, आणि माझा खांदा अजून दुखतोय.

नट: मावशी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?

मावशी: ज्याला खरं ऐकायचंय त्याच्या.

भाची: गुडघ्याचा एक्स-रे काढलास?

नट: काढला. आरशासारखा स्वच्छ. तेल लावलं, पट्टा बांधला, शेकलं. गुडघ्याला जे जे करता येतं ते सगळं केलं. तो ऐकत नाही.

भाची: त्याचा काही दोषच नाही, तर तो काय ऐकणार? दुखतं कुठे, हाताने दाखव. बोलू नकोस, फक्त हात ठेव.

नट: इथे. आणि मग मांडीवरून असं खाली.

भाची: म्हणजे जांघेत.

नट: मावशी उभ्या आहेत इथे.

मावशी: तुमची प्रत्येक पँट मी शिवलीय, राजे. जांघ मला पाठ आहे. सांगा डॉक्टरीणबाईंना.

नट: हो, जांघेत. सकाळी उठलो की पहिली दहा पावलं लाकडी. मग सुटतं. गाडीतून उतरताना पाय हाताने उचलून बाहेर ठेवावा लागतो, परक्याचं सामान असल्यासारखा. मांडी घालून बसणं तर विसरूनच गेलोय. पण या सगळ्याला कंबर धरली म्हणतात आमच्याकडे.

भाची: सगळ्यांकडेच म्हणतात. कंबर मागे, इथे. कुल्ला हा. आणि खुब्याचा सांधा पुढे, जांघेच्या आत खोल. खुबा दुखला की पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, दोघांच्या नसा एक आहेत. गुडघा हा नुसता निरोप्या, मामा. ज्याचं बिनसलंय तो आत दार लावून बसलाय आणि तू वर्षभर निरोप्याला तेल चोळतोयस. झोप या पेटाऱ्यावर.

नट: त्यात राजाचे कपडे आहेत.

मावशी: झोपा. राजा काही बोलणार नाही.

भाची: गुडघा वाकवते. दुखलं? नाही ना. आता पाऊल जरा बाहेर नेते, म्हणजे खुबा आत वळेल.

नट: आई गं.

भाची: दुखलं?

नट: नाही, आई आठवली.

मावशी: हळू हो बाई, पाय काढून नेऊ नका. पहिली घंटा व्हायला वीस मिनिटं आहेत. आणि राजेंचं झालं की मलाही एक विचारायचंय. इथे, कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडावर बोट ठेवलं तरी जीव जातो. त्या कुशीवर झोपता येत नाही. तेच का हे?

भाची: बघू. इथे? हं. पाय फिरवला तर? काहीच नाही. इस्त्री करताना कुठल्या पायावर उभ्या राहता?

मावशी: याच्यावरच. दुसरा आराम करतो.

भाची: म्हणून. हाडाच्या उंचवट्यावर पाण्याच्या छोट्या उशीसारखं काहीतरी असतं, आणि त्यालगत स्नायूंचे दोर. रोज तोच भार टाकला की तिथे सुजतं. सांधा तुमचा चांगला आहे. इस्त्री करताना पाय बदला, दोन व्यायाम दाखवते, दीड-दोन महिने नेमाने करा.

मावशी: म्हणजे माझं साधं.

भाची: तुमचं साधं.

मावशी: आणि राजेंचं? ते का नाही सांगत?

भाची: मामा, कधी पडला होतास?

नट: प्रयोग पडलाय. मी नाही.

भाची: दारू?

नट: वर्षातून दोनदा, तीही कुणी पाजली तर.

भाची: लहानपणी खुब्याचं काही निघालं होतं? तुझी चाल बघून गेल्या रविवारीच माझ्या आईला विचारलं मी, ती नाही म्हणाली. वयाने झीज होते, पण चोपन्नाव्या वर्षी, एकाच बाजूला, इतकी पटकन? औषधं काही घेतोस रोजची?

नट: काहीही नाही.

मावशी: घशाच्या गोळ्या सांगा की.

नट: ते काय औषध आहे? आवाज बसला की एखादी.

मावशी: एखादी कशी? प्रयोग असेल त्या दिवशी दोन. या सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलेल्या असतात. सहा वर्षं झाली. मीच आणते कोपऱ्यावरच्या दुकानातून. हे बघा.

भाची: चिठ्ठी कोणाची?

मावशी: पहिल्या वेळी घशाच्या डॉक्टरांची होती, पाच दिवसांची. मग दुकानदार ओळखायला लागला.

भाची: मामा, हे स्टेरॉइड आहे.

नट: असेल. आवाज घंटेसारखा होतो. शेवटच्या रांगेतला माणूस म्हणतो, कानाशी येऊन बोलल्यासारखं वाटलं.

भाची: खुब्यात हाडाचा एक गोळा असतो, वाटीत बसलेला. त्याला रक्त फार बारीक वाटेने जातं. या गोळ्या वर्षानुवर्षं पोटात गेल्या की काहींची ती वाट बंद पडते. सगळ्यांची नाही. काहींची. मग गोळा आतून सुकतो आणि एक दिवस खचतो. तुझं तेच आहे असं मी आज म्हणत नाही. एमआरआय केल्याशिवाय म्हणणारही नाही. पण मला तीच शंका आहे.

मावशी: म्हणजे मी आणलेल्या गोळ्यांनी.

भाची: तसं नाही म्हणाले मी, मावशी.

मावशी: मी म्हणाले.

नट: आजपासून बंद. झालं?

भाची: नाही. मनाने घ्यायच्या नाहीत तशा मनाने बंदही करायच्या नाहीत, अंगाला सवय झालेली असते. कशा कमी करायच्या ते मी लिहून देते. उद्या सोमवार, प्रयोग नाही. मी न्यायला येते.

नट: आणि निघालं काही तर? मला झोपवाल तीन-चार महिने. माझ्या बदली काम करणारा तो पोरगेला नट रोज विंगेत उभा असतो. माझे सगळे संवाद ओठ हलवत म्हणतो. म्हातारा मी केलाय, तुला कल्पना नाही. नाटककाराने चार ओळी लिहिल्या होत्या, बाकीचा माणूस मी उभा केला. तो एकदा दुसऱ्याच्या अंगात गेला की परत येतो का?

भाची: ते मला माहीत नाही. गोळा खचला की तो परत येत नाही, एवढं माहीत आहे.

मावशी: राजे, जा. मी सांगते म्हणून जा. नाही गेलात तर उद्यापासून मोजे घालणार नाही, अनवाणी दीपगृह सांभाळा.

नट: किती वाजता येतेस न्यायला?

(पाच महिन्यांनंतरचा रविवार. तोच रंगपट. दुपारच्या प्रयोगाआधी मावशी आणि नट दोघेच.)

मावशी: पुन्हा चाला. दारापासून आरशापर्यंत. डावा ओढा.

नट: डावाच ओढतोय.

मावशी: ओढत नाही, तुम्ही त्याला फिरायला नेताय. दिग्दर्शक काल काय म्हणाले, ऐकलंत ना? म्हातारा नाटकी वाटतो.

नट: चांगला न्याय आहे. खरी कळ उजव्यात होती, ती डावा ओढतानाही चेहऱ्यावर यायची, तेव्हा म्हणाले, वा, काय अभिनय. गोळा खचलेला निघाला, खुबा नवा बसवला, सरळ चालायला लागलो, तर आता म्हणतात, खोटं वाटतं.

मावशी: मग करा की आता अभिनय. आजवर फुकट होत होतं.

नट: लागेल असं बोलता.

मावशी: तुमच्या बदलीवाल्याचं सांगू? पंचेचाळीस प्रयोग केले त्याने. पहिल्या अंकात डावा ओढायचा आणि दुसऱ्यात उजवा. मी विचारलं, अरे, उजवा कशाला? तर म्हणतो, येणाऱ्या वार्धक्याची चाहूल.

नट: खरं सांगताय?

मावशी: कपड्यांची शपथ. तुमचं बघूनच शिकलाय ना तो. कळ सोडून सगळं उचललं बिचाऱ्याने.

नट: बिचारा. मला फळं घेऊन भेटायला आला होता. चांगला पोरगा आहे, उगाच धास्ती घेतली मी. हं, बघा आता. पाऊल टेकवतो, पण भार द्यायला घाबरतो. असं?

मावशी: हे बरं आहे. हे पडलेल्या माणसाचं आहे. पण खांदे पाडू नका, खांद्यांना काही झालेलं नाही.

नट: आवाज कसा वाटतो?

मावशी: थोडा खरखरीत.

नट: घशाच्या डॉक्टरांनी रोज अर्धा तास गप्प बसायला सांगितलंय. बायको म्हणते, हे औषध वीस वर्षांपूर्वीच द्यायला हवं होतं.

मावशी: म्हाताऱ्याला खरखर शोभते. राहू दे.

नट: भाची आलीय आज, तिसऱ्या रांगेत. डाव्या खुब्याचाही फोटो काढायचाय म्हणते, सहा महिन्यांनी. डावा सध्या शहाण्यासारखा वागतोय. मावशी, एक विचारू?

मावशी: कोट घाला आधी. हात इकडे. विचारा.

नट: ऑपरेशन झालं तेव्हा सगळे येऊन गेले. दिग्दर्शक, पडदा ओढणारा, तिकीटबारीवरची मुलगी. रोज दार वाजलं की वाटायचं, तुम्ही असाल.

मावशी: आले होते.

नट: कधी?

मावशी: तिसऱ्या दिवशी. दारापर्यंत.

नट: आणि आत?

मावशी: काय तोंडाने येणार? गोळ्या मी आणत होते, राजे.

नट: मागत मी होतो.

मावशी: मागणारा मागतो. देणाऱ्याने विचारायला हवं होतं, हे कशाचं आहे म्हणून. सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही मी.

नट: मीही नाही विचारलं. आणि पोटात तर माझ्या जात होत्या. मावशी, हे ओझं तुम्ही एकटीने घरी न्यायचं नाही. अर्धं माझं आहे, मला त्यातलं कमी देऊ नका.

मावशी: मान वर करा. कॉलर नीट बसत नाही.

नट: आत आला असतात तर मी काही बोललो नसतो.

मावशी: माहीत आहे. त्या भीतीने नाही परतले मी. दारातून बघितलं तर तुम्ही झोपला होतात. वर्षभरात पहिल्यांदा तुमचा न दुखणारा चेहरा बघितला. म्हटलं, उठवू नये.