फॉर्मवर माझं नाव

—नाही, परत मिटलेत तुम्ही डोळे. हे बघा, स्क्रीनवर बघा ना—झोपलेला माणूस पासपोर्टवर चालत नाही हो दादा, ऑफिसातली बाई फोटो परत करते आणि मग तुम्ही इथे येऊन माझ्या नावानं खडे फोडता. बसा परत. पाठ ताठ. हनुवटी खाली—इतकी नाही, चप्पल शोधताय का? हां. आणि खांदे सोडा जरा, मी काही दात काढणार नाहीये. घाई? घाई तर मला आहे. अकराला लेक्चर आहे माझं. हो, लेक्चर! ऐकायचं, द्यायचं नाही. हसा, हसा, सगळेच हसतात, मीही हसले होते—फक्त फोटोत दात दिसले तर चालत नाहीत, तेवढं सांभाळा.

विद्यापीठात, दुसरीकडे कुठे? पुलापलीकडची ती लाल विटांची इमारत. तिथल्या पोरांच्या ओळखपत्रांचे फोटो सव्वीस वर्षं मीच काढतेय. प्रवेश सुरू झाले की माझ्या दारात रांग—पोरं येतात, मी म्हणते हनुवटी वर, ती जातात, शिकतात, तीन वर्षांनी पदवीच्या फोटोला येतात, मी म्हणते हनुवटी वर, ती नोकरीला लागतात, आणि मी? मी इथेच, हनुवटी वर म्हणत. तर आजपासून पदवीचं पहिलं वर्ष. वय विचारायचं धाडस होत नाहीये ना तुम्हाला? बावन्न. पूर्ण. इकडे बघा, या लाल दिव्याकडे—अहो मिटले! परत मिटले! तुम्हाला काय, बटण दाबायच्या आधीच कळतं का?

तसा तो प्रवेशाचा फॉर्म माझा नव्हताच. लेकीसाठी आणला होता. तिला शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गुण कमी पडले, आणि माझ्या डोक्यात एकच, काहीही करून हिला त्या लाल इमारतीत घालायचं. इथे फोटोला येणाऱ्या पोरांकडूनच कळलं—एक वर्षाचा कोर्स असतो, कला आणि विज्ञान परिचय प्रमाणपत्र, नाव असं लांब की फॉर्मवर दोन ओळी खातं. ज्यांचे गुण कमी, ज्यांची शाळा अर्धवट, ज्यांचं वय उलटलं, अशा सगळ्यांसाठी बाजूचा दरवाजा म्हणा ना. लिहायला शिकवतात, गणित, थोडं विज्ञान, थोडा इतिहास, आणि पास झालात की सरळ पदवीच्या वर्गात. मी फॉर्म आणला, भरला, तिचा फोटो चिकटवला—फोटोंना काय तोटा आमच्याकडे—नुसती सही बाकी. आणि ही म्हणते, मी नाही करणार. मला लिफ्ट दुरुस्त करायला शिकायचंय. लिफ्ट! म्हटलं, लोक शिकून लिफ्टनं वर जातात, तू लिफ्टच्या खाली जाऊन बसणार? आणि मग गेलंच तोंडातून, नेहमीचं आपलं—तुझ्या वयात मी शिकायला तडफडले, माझ्या बापानं मला दुकानात बसवलं, आणि तुला आयतं ताट वाढून मिळतंय तर तू लाथाडतेस.

ती शांतपणे म्हणाली, आई, तुलाच जायचंय ना? मग तू जा. माझ्या पाठीवर बसून कशाला जातेस?

दोन दिवस घरात भांडीच बोलत होती. तिसऱ्या दिवशी मी तणतणत गेले, कोरा फॉर्म आणला आणि स्वतःचं नाव घातलं. शिकायचं म्हणून नाही हो—तिला दाखवायचं म्हणून. नवरा जहाजावर आचारी, त्यांना फोन केला, ते म्हणाले, उपाशीपोटी भांडू नकोस, आधी जेव. म्हणजे तिकडूनही कोणी अडवलं नाही. राग उतरेपर्यंत पहिला तास सुरू झाला होता.

पहिल्या दिवशी गंमत काय झाली सांगू? वर्गात शिरले तर एक पोरगी उठून केस नीट करायला लागली. म्हणाली, काकू, आज ग्रुप फोटो आहे का? सगळा वर्ग सरळ बसला! म्हटलं, बसा गं, मी पण पोरच आहे आज. पण खरं सांगते, पहिला महिना घाम फुटला. समोरचा बोलतोय, मी वहीत लिहितेय, आणि घरी येऊन बघते तर माझंच अक्षर मला लागत नाहीये. फक्त प्रयोगशाळेत मी राणी! बाईंनी चांदीच्या क्षाराचा कागद उजेडात धरला, तो काळा पडला, आणि विचारलं, का पडला असेल? पोरं पुस्तकं चाळतायत. मी म्हटलं, पडेलच की, आमच्या डार्करूममध्ये निम्मं आयुष्य तेच बघितलं मी, उजेड लागला की चांदी सुटी होते. बाई म्हणाल्या, तुम्ही पुढे या, तुम्हीच सांगा. मी पुढे गेले दादा. खडू हातात घेतला. आणि सांगितलं.

—स्टुलावरून उठू नका हो, अजून एकही धड आलेला नाही. पाणी हवंय? नको? बरं.

तर लेखनाच्या तासाला एक चष्मेवाले सर होते, माझ्या लेकीहून पाचसहा वर्षांनी मोठे असतील, सर म्हणायला जीभ वळेना. त्यांनी निबंध दिला—शाळेतला शेवटचा दिवस. मला काय, तोंडपाठ! पस्तीस वर्षं सांगत आलेय. चार पानं खरडली. कडक बाप, बिचारी पोर, दुकान, अश्रू, सगळं. म्हटलं आता वर्गात वाचून दाखवतील. वही परत आली, आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं—यात सगळे दिसतात, तुम्ही दिसत नाही. तुम्ही कुठे उभ्या होता?

मला असा राग आला! मी कुठे उभी होते म्हणजे? मी उभी होते… मी उभी होते फाटकाशी. शाळेच्या. ती शाळा तेव्हा समोरच होती, जिथे आता गाड्या लागतात ना, तिथेच. रस्ता ओलांडला की फाटक. शेवटची परीक्षा, गणिताचा पेपर. बाबांनी स्वतःचं पेन दिलं होतं मला, शाई भरून. घंटा झाली, सगळ्या मुली आत गेल्या, आणि मी नाही गेले. कोणी अडवलं नव्हतं हो. नापास झाले तर? लोक काय म्हणतील? त्या ‘तर’लाच घाबरले मी. वळले आणि दुकानात आले. म्हटलं डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशीच्या पेपरलाही दुखलं. मग दुखायची सवयच लागली. आणि आत्या आली, ती सगळ्यांसमोर म्हणाली, बापानंच जुंपली पोरीला दुकानात, आई नुकती गेलेली, बिचारीनं काय करावं—आणि मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. नुसती मान खाली घातली. तेवढं पुरतं, दादा. तेवढ्यावर पस्तीस वर्षं माणूस बिचारं राहू शकतं. लेकीलाही मी तेच पाजलं. बाबा? बाबा कधी एक शब्द बोलले नाहीत. नातेवाइकांनी टोमणे मारले, त्यांनी ऐकून घेतले.

हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही फार गप्प बसता, त्यानं होतं असं. कोणाजवळ बोलू नका हं. तसे तुम्ही बोलणारे दिसत नाही.

मग मी निबंध परत लिहिला. खरा. दीडच पान झालं. आणि सरांना द्यायच्या आधी वाटलं, हे बाबांनी ऐकायला हवं. एक्याऐंशीचे आहेत, दुकानामागच्या खोलीत असतात, दुपारी रेडिओ लावून पडतात. रेडिओ बंद केला आणि वाचून दाखवलं. वाचून झालं तरी मान वर करवेना. तर म्हणतात कसे—मला माहीत होतं. म्हटलं, काय माहीत होतं? म्हणाले, मी काचेतून बघत होतो. घंटा होऊन पाचच मिनिटं झाली होती, हात धरून नेली असती तर पोचली असतीस.

म्हटलं, मग का नाही नेलंत बाबा?

म्हणाले, दुकानात माणूस हवं होतं गं. तुझी आई नव्हती. तू परत आलीस आणि मला बरं वाटलं. म्हणून लोक बोलले ते मुकाट ऐकलं. निम्मं तर खरंच होतं.

…एक मिनिट हं. लेन्सला धूळ लागलीय.

हां. तर मग काय, मला वाटलं आता गळ्यात पडून रडायचं असतं, तर म्हणाले, निबंधात एक चूक आहे, पेनातली शाई काळी होती, तू निळी लिहिलीयस. आणि असा हसला म्हातारा! मी पण हसले, डोळे पुसत पुसत. म्हणाले, माझंही लिही त्यात, एकटीच्या डोक्यावर कशाला घेतेस. लिहिलं. वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले, पण खरं सांगू, ते लेकीला वाचून दाखवणं जास्त अवघड होतं. ती म्हणाली, म्हणजे मला इतकी वर्षं खोटं ऐकवलंस? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं, गणिताचं काय करणारेस?

कारण गणितात मी आपटले होते ना, पहिल्या चाचणीत शंभरात एकोणीस! मग तिनंच शिकवलं. म्हणायची, लिफ्टच्या एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला वजन, आई, दोन्ही बाजू सांभाळायच्या, समीकरण म्हणजे एवढंच. हातांना ग्रीस, वहीवर ग्रीसचे ठसे, पण डोक्यात शिरलं. ती आता शिकाऊ म्हणून कामाला लागलीय, खूश आहे, परवा नऊ मजली इमारतीत अडकलेली माणसं बाहेर काढली तिनं. आणि मी त्रेपन्न गुणांनी पास. त्रेपन्न! वयापेक्षा एक जास्त.

—आला! आला बघा, डोळे टक्क उघडे! त्रेपन्न ऐकून उघडले वाटतं. छान आलाय, माणसासारखे दिसताय. सहा प्रती काढते, थांबा, मशीन कुरकुरतंय पण देतंय.

भीती? वाटते ना, काल रात्री तीनदा दप्तर आवरलं. पूर्वी नापास व्हायची भीती होती, आता वाटतं, वर्गात कोणी परत ग्रुप फोटोला उभं राहिलं तर! हे घ्या पाकीट. कोपरे वाकवू नका. पैसे राहू द्या हो, सुटे शोधत बसाल तर माझी बस जाईल, परत याल तेव्हा द्या. आणि आता उठा. उठा, उठा, दिवा बंद करते. बाहेर व्हा आधी, दार ओढायचंय मला. ही पाटी? आज सकाळी बाबांनी लिहिली, हात कापतो त्यांचा, म्हणून अक्षर तसं. वाचा की. दुकान चार वाजता उघडेल, मालकीण वर्गात आहे. काय बघताय एवढं? सरका, कडी लावू द्या.