हाताची घडी

मी कोणत्या संघाचा, ते विचारूच नका. लहानपणी मी दिग्रसचा, म्हणजे कबड्डीत माझा दोस्त सलीम मिस्त्री याचा. एकोणीसशे साठच्या सुमारास एम.ए. होऊन पुसदला मास्तर झालो, आणि तिथेच दोन्ही गावांचा सामना ठरला. सलीम चढाईला आला. शेजारी माझेच विद्यार्थी पुसदसाठी ओरडत होते. कोणाला राग नको म्हणून मी हाताची घडी घालून गप्प बसलो. दिग्रस हरलं.

नंतर सलीमला म्हटलं, "नोकरी आहे रे, समजून घे."

गुडघ्यावरची माती झटकत तो म्हणाला, "पुसदसाठी वरडला असता तरी चाललं असतं यार. मले तुहा आवाज तं आला असता."

पुढे मी पुष्कळ संघ बदलले. सगळ्यांसाठी ओरडलो, पण घरात, रेडिओपुढे, एकटाच.