नुसते फराटे

— नाही हो, रागावले नाही. बसा. तो कागद जरा उजेडात धरा... हां, असा. म्हणजे बेकरी काढताय आणि पाटी अशाच अक्षरांत हवी, खरखरीत, ब्रशने ओढल्यासारखी — बरोबर? निवड चांगली आहे. हा फॉन्ट मोठ्या पाटीवर उठून दिसतो; पावाच्या पिशवीवर, पोस्टरवरसुद्धा. बारीक मजकुराला तेवढा वापरू नका, फाटलेल्या रेघा एकमेकींना चिकटतात, सगळं गिचमीड होतं. मला कसं माहीत? अहो, मला नाही तर कुणाला — ती अक्षरं माझी आहेत!

हसू नका. हा 'क' बघा, शेपटीशी रंग संपत आलाय, ब्रश कोरडा पडलाय — तिथे मी ब्रश बोटांतल्या बोटांत वळवते. जन्मभर पाट्या रंगवल्यात, आपला हात ओळखू येणार नाही? माझा धाकटा भाऊ जाहिरातींचं काम करतो. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला, बोट धरून अक्षरं गिरवून घेतली तीही मीच. एकदा आला नि म्हणाला, "ताई, हात चालतोय तोवर सगळी अक्षरं लिहून दे, मी जपून ठेवतो." — म्हणजे हात चालतो हो माझा, तो आपला उगाच काहीतरी बोलायचा — तर लिहिली. अख्खा हिवाळा लिहिली, जोडाक्षरांसकट. 'ज्ञ' काही केल्या मनासारखा येईना, तर यानेच चहा करून दिला, म्हणाला, "घाई नाही गं." इतक्या मायेनं कुणी बोललं की माणूस विरघळतोच ना? विरघळले मी.

मग एक दिवस बसस्टॉपवर पोस्टर दिसलं, साबणाचं. आधी वाटलं, हे मी कधी रंगवलं? फोन केला. "तुला सांगणारच होतो, या फॉन्टला बक्षीस मिळतंय, समारंभाला ये." गेले की! नवे कपडे शिवून गेले. दुसऱ्या रांगेत बसले, आता नाव घेईल, मग घेईल — आणि हा माइकवर काय म्हणाला? "ही अक्षरं मला रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांत सापडली. त्या अनाम रंगाऱ्यांना नमस्कार." अनाम! सख्खी बहीण समोर बसलेली आणि अनाम! मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते ना.

बाहेर गाठलं त्याला. तर म्हणतो, "ताई, तुझे नुसते फराटे होते गं. फॉन्ट मी केला." त्यानंतर बोलणं नाही. फोन येतात, मी उचलत नाही.

काय म्हणालात? मग पाटी मीच रंगवून द्या, अस्सल? ...वेळ नाही हो मला. रंगाचे डबे वाळलेत, दिसतंय मला, तुमची नजर भारी फिरते. हात टेबलाखाली — गार पडतात म्हणून. अहो, सांगितलं ना!... बरं. बघा मग. बघितलात? कप धरवत नाही, ब्रश काय धरणार? आणि त्याला हे माझ्याआधी कळलं होतं. बोलला नाही, लिहून घेत राहिला.

माझ्या हातचीच पाटी हवी ना तुम्हाला? मग त्याच्याकडे जा. माझं अक्षर आता त्याच्याकडेच मिळतं. उठा. दार ओढून घ्या.