कुंडातले गप्पी मासे आणि कणकेच्या गोळ्या

पुण्य कमवायला येतात, मासे मारून जातात आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवतात.

आमच्या कॉलनीतल्या मंदिराच्या कुंडात डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडलेत. दर शनिवारी एक काका त्यांना कणकेच्या गोळ्या टाकतात. गोळ्या तळाशी सडतात आणि मासे मरून वर येतात. काल मी पुन्हा तेच सांगितलं, "काका, यांची पाठ सरळ, तोंड वर वळलेलं. हे पाण्यावरचं खाणारे मासे आहेत."

"अगं, गंगेवरचे तर गपागप खातात."

"ते वेगळे मासे, काका. निदान हे खातात का, एवढं तरी थांबून बघा."

काका शेवटची गोळी टाकून चालू लागले. फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "ते नाही बघायचे, ताई. गोळ्या टाकल्यावर मागं वळून बघायचं नाही, असं ज्योतिष्यानं सांगितलंय त्यांना."