आधी माझं काढते

नाही हो ताई, शेजारच्या टेबलावरून तुम्हाला वाटलं असेल, पण भांडण नाही झालं. भांडण झालं असतं तर निदान काही कळलं तरी असतं. पहिल्यांदा खटकलं ते एवढंसं — अवंतिका, माझी मैत्रीण, म्हणाली, ‘थांब, आधी माझं काढते.’ बस. इथे कसं, छोट्या छोट्या प्लेटी येतात, मधे ठेवायच्या, सगळ्यांनी त्यातूनच खायचं — विजय नगरात नवीनच निघालंय हे हॉटेल, मीच सुचवलं होतं, मीच! — अन् माझा हात पनीरपाशी जातो न जातो तोच तिनं आपलं वेगळं काढून घेतलं. मग प्रत्येक प्लेटीतून तसंच. हसत हसत. ‘सगळीकडे इन्फेक्शन चालू आहे ना,’ म्हणे. कॉलेजात हीच माझा डबा बोटानं पुसून खायची, माझ्या बाटलीला तोंड लावायची! मग आताच काहून? — काहून म्हणजे, वेदांगनं आजच सांगितलं ना तिला आमच्या लग्नाचं. वेदांग तिचा भाऊ. तोच, निळ्या शर्टवाला, जाताना तुमच्या खुर्चीला धक्का लागला ना त्याचा. मैत्रीण होती तोवर मी बौद्ध असून चालत होती, आता वहिनी होणार म्हटल्यावर — जाऊ द्या.

अयाई! काय पडलं? ग्लास? मी ना, जराशानं दचकते. — नहीं भैया, प्लेट मत उठाइए, वो आ रहे हैं!

येईलच वेदांग. ‘हिला गाडीपर्यंत सोडून येतो’ म्हणाला. पार्किंग लांब आहे इथलं. मघापासून लावून राहिली फोन, उचलून नाही राहिला. गर्दीत ऐकू येत नसेल. अवंतिका वाईट नाही हो. घरचं वळण असतं एकेकाचं. मी राग नाही धरला, उलट मीच म्हणायला लागली — तू घे आधी, तू घे — हात मांडीवर ठेवून बसली, पाहुणीसारखी.

अन् वेदांग... नाही, काही नाही. — त्यानंही आपली प्लेट पुढे केली. तिनं त्याचंही आधी काढलं, अन् तो खाऊन राहिला, खाली मान घालून. त्याच्या लक्षात नसेल आलं, नाही का? मुलांच्या येत नाही लक्षात असलं. — येतं? — असं बघू नका ना माझ्याकडे. उद्या यायचा आहे तो आमच्या घरी, पप्पांना भेटायला. आईनं पडदे धुतले. पप्पा सकाळपासून एकच विचारून राहिले, एकता, चहा तरी घेईल ना तो आपल्याकडचा? मी हसली हो त्यांना! ‘पप्पा, कोणत्या जमान्यात आहात?’ म्हटलं —

थांबा. उचलला! उचलला ताई — हॅलो, वेदांग? अरे, कुठे आहेस, सगळं गार होऊन —

जी.

जी काकू. एकताच. — घरी पोचला वेदांग?